मैत्रीचा करार आणि त्याची चतुःसीमा

परदेशांतील शहरांशी व प्रांतांशी मैत्रीचे नाते जोडण्याचा प्रघात आपल्याकडे आता चांगलाच रूढ झाला आहे. मुंबई शहराने जपानातील योकोहामाशी १९६५ साली व जर्मनीतील स्टुटगार्टशी १९६८ साली भगिनी-शहराचे नाते जोडले. पुढे महाराष्ट्र राज्याने २०१३ च्या ऑक्टोबरात जपानातील वाकायामा प्रांताशी परस्पर सहकार्याचा करार केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी करार झाला. अशा प्रसंगी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, दोन्ही देशांची निशाणे मेजावर शेजारी शेजारी उभी असतात, आणि आपला कास्तकार बंधू ते पान उलटून कापसाच्या भावाचे पान काढतो.

गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या वावरातील एका वृद्ध कास्तकाराने असेच एक छायाचित्र आमच्यापुढे धरून विचारले, "बाबूजी, ह्या दोस्तीनं आपल्या कापसाले भाव भेटन काय?" प्रश्न सरळ होता, परंतु आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांस उशिरा दिलेले उत्तर होय, आणि तेच उत्तर मासिकाच्या इतर वाचकांपुढेही ठेवावे असे आम्हांस वाटते.

आमचा जन्म महसूल खात्यात गेला. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे व फेरफार यांचे कागद आम्ही आयुष्यभर हाताळले. त्या अनुभवाने एक गोष्ट मनावर ठसली ती ही की, खतात गोड शब्द कितीही असोत, चतुःसीमा लिहिलेली नसेल तर ते खत भांडणाचे मूळ होते. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणता नाला, उत्तरेस कोणता धुरा, दक्षिणेस कोणती पांदण, हे नमूद असले म्हणजे मग देणारा व घेणारा दोघेही निश्चिंत असतात. परराष्ट्राशी होणारा मैत्रीचा करार हाही एक दस्तऐवजच आहे. त्याची चतुःसीमा कोणती, हा प्रश्न कास्तकाराने विचारावयास हवा; आणि तो विचारण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे.

कोणी म्हणेल की, मैत्रीस कसल्या सीमा घालता? ती भावनेची गोष्ट आहे. परंतु इतिहास निराळे सांगतो. अशी सीमा एकदा घातली गेली होती, ती जपानशीच घातली गेली होती, आणि ती घालण्यास आपल्या वऱ्हाडसारख्या मुलखांतील कापूसच कारण झाला होता.

जपानशी आपल्या कापसाचा संबंध फार जुना आहे. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली सुरू केली. तेच टाटा पुढे जपानास गेले, आणि तेथील निप्पोन युसेन कैशा या आगबोट कंपनीशी हातमिळवणी करून १८९३ साली मुंबई ते कोबे अशी आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली. तोपर्यंत या मार्गावर विलायती कंपन्यांचा मक्ता असे व त्या मागतील ते भाडे द्यावे लागे. नवी फेरी सुरू होताच त्यांनी भाडे उतरवून ती बुडविण्याचा प्रयत्न केला. तथापि जपानी गिरणीवाल्यांनी आपला माल त्याच फेरीने आणण्याचा निर्धार केल्यामुळे ती टिकली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मैत्री भाषणांवर उभी नव्हती. एकाकडे रुई होती, दुसऱ्याकडे चात्या होत्या, आणि दोघांनाही भाड्याचा जाच होता. तिघांचा मेळ बसला म्हणून मैत्री झाली.

वऱ्हाडच्या कापसास मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत. ते नाव उमरावतीवरून पडले. हा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांस तो फारसा रुचत नसे. परंतु जपानी गिरणीवाले निरनिराळ्या जातींची रुई हिशेबाने मिसळून सूत काढण्यात वाकबगार होते, सबब त्यांस आपला आखूड धागा चालत असे. होता होता जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बनला. १९०४ साली दोन्ही देशांत व्यापाराचा ठराव झाला होताच.

पुढे मंदी आली, जपानी कापड अतिशय स्वस्त दराने येऊ लागले आणि आपल्या गिरण्या ओरडू लागल्या. १९३३ च्या एप्रिलात हिंदुस्थान सरकारने १९०४ चा ठराव संपुष्टात आणण्याची नोटीस दिली, आणि जूनमध्ये परक्या कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविली. त्यास उत्तर म्हणून जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेण्याचेच बंद केले. भांडण कापडाचे, परंतु तडाखा बसला तो ज्याने कापडाचा एक वारही विणला नव्हता त्या कापूस पिकविणाऱ्यास. परराष्ट्रनीती ही आपल्या वावरापासून दूर असते असे ज्यांस वाटते, त्यांनी १९३३ साल आठवावे.

त्याच वर्षी सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या, १९३४ च्या जानेवारीत समझोता झाला व जुलैत लंडन येथे करारावर सह्या झाल्या. त्या करारातील कलम आमच्या मते प्रत्येक कास्तकाराने पाठ करावे असे आहे. जपानने वर्षास १० लाख गाठी हिंदी कापूस घेतला तर त्यास ३२ कोटी ५० लाख वार कापड आपल्याकडे पाठविता येईल. गाठी कमी घेतल्या तर कापडही कमी होईल. गाठी अधिक घेतल्या तर दर १० हजार गाठींमागे १५ लाख वार कापड अधिक येऊ दिले जाईल. मात्र १५ लाख गाठी घेतल्या तरी ४० कोटी वारांवर कापड येणार नाही. वाचकांनी हिशेब करून पाहावा. १० लाखांवरील ५ लाख गाठी म्हणजे १० हजारांचे ५० भाग, आणि ५० गुणिले १५ लाख म्हणजे ७ कोटी ५० लाख वार. ती बेरीज बरोबर ४० कोटींवर येते. असा चोख हिशेब आम्ही कचेरीतील कागदांतही क्वचितच पाहिला.

या कराराने कास्तकारास सोन्याचे दिवस आले असे आम्ही म्हणत नाही. मंदी होतीच व भावही पडलेलेच होते. शिवाय तो करार आपल्या लोकांच्या राज्याने केलेला नव्हता. १९३७ साली तो नवा करण्यात आला आणि १९४१ साली युद्धाने तो सारा व्यापारच संपविला. तथापि त्यातील तत्त्व खरे होते. तुम्ही आमचे काय आणि किती घ्याल, त्यावर आम्ही तुमचे किती घेऊ ते ठरेल. त्यात प्रेमाचा शब्द नव्हता. परंतु कापसाची गाठ शब्दाने नव्हे, वजनाने लिहिलेली होती. हीच ती चतुःसीमा.

आता आजच्या काळाकडे वळू. आपल्या देशाने ऑस्ट्रेलियाशी २ एप्रिल २०२२ रोजी व्यापारकरार केला व तो २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या लांब धाग्याच्या कापसास वर्षास ५१,००० टनांपर्यंत, म्हणजे १७० किलोच्या सुमारे ३ लाख गाठींपर्यंत, आयातकर माफ आहे. आम्ही या कलमाची निंदा करण्यासाठी ते सांगत नाही. आपल्या गिरण्यांस काही लांब धागा बाहेरून लागतो हे खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच की, तेथील कापूसवाल्याचा माल करारात टनांनी मोजून लिहिला गेला. मालाची जात, वजन व वर्ष, तिन्ही आहेत. दुसऱ्याचा शेतकरी आपली चतुःसीमा लिहवून घेतो, मग आपणच आपल्या बाबतीत नुसत्या 'सहकार्य' या शब्दावर समाधान का मानावे?

येथे एक कायद्याची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाही तर आमचा लेख अर्धवट राहील. परराष्ट्रव्यवहार व जकात हे विषय आपल्या राज्यघटनेने केंद्र सरकारकडे दिले आहेत. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरील ११ टक्के आयातकर माफ झाला व ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली, म्हणजे नेमक्या आपल्या वेचणीच्या महिन्यांत. तो निर्णयही दिल्लीचा. महाराष्ट्र राज्य वाकायामाशी कितीही गोडीने वागले तरी त्यास एका गाठीवरचा एक पैसा कर कमी-जास्त करता येणार नाही. म्हणून राज्याच्या मैत्रीकरारातून भावाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. मग त्यातून मागावे तरी काय? आमच्या मते विद्या मागावी, प्रक्रिया मागावी, आणि तरुणांस शिक्षण मागावे. एवढे देणे राज्याच्या हाती आहे.

वाकायामाशी झालेल्या करारात पर्यटन व अन्नप्रक्रिया हे दोन विषय होते. पर्यटनाचा विषय समजण्यासारखा आहे. त्या प्रांतात कोयासान हे बौद्धांचे प्राचीन क्षेत्र आहे, आपल्याकडे अजिंठा आहे. आणि कोयासान विद्यापीठात २०१५ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळाही उभा राहिला. या गोष्टींचा आम्हांस आनंदच आहे. परंतु कास्तकाराचा विषय दुसरा, अन्नप्रक्रियेचा. आणि त्यात तो प्रांत खरोखर गुरुस्थानी आहे.

वाकायामा हा प्रांत आहे तरी केवढा? क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर व वस्ती १० लाखांच्या आत. आमचा यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे २७ लाख ७२ हजार लोकांचा. म्हणजे आमचा एक जिल्हा त्या सबंध प्रांताच्या जवळजवळ तिप्पट. त्यांची बहुतेक भूमी डोंगर व जंगल. आमच्यासारखी काळी कसदार जमीन त्यांच्या नशिबी नाही. असे असूनही 'मिकान' नावाची सैल सालीची संत्री, 'काकी' नावाचे फळ आणि 'उमे' नावाचे आंबट आलुबुखारासारखे फळ, या तिन्हींत तो प्रांत जपानात अग्रेसर आहे.

यांपैकी उमेची हकीकत विशेष बोधप्रद आहे. हे फळ झाडावरून तोडून तसेच खाण्याजोगे नसते. तेथील शेतकरी ते मिठात मुरवितात, उन्हात वाळवितात आणि वर्षभर टिकणारा पदार्थ करून विकतात. आपल्याकडे जसे लोणचे, तसेच ते जपान्यांच्या रोजच्या ताटातील आहे. त्या प्रांतातील मिनाबे येथे १९५० नंतर शेतकऱ्यांनी व तेथील शाळेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून गावोगावच्या झाडांची पाच वर्षे पारख केली आणि त्यांतून उत्तम जात निवडली. ती 'नान्को' या नावाने १९६५ साली नोंदली गेली. डोंगरमाथ्यावरचे जंगल राखावे, त्यातील मधमाश्यांनी उमेच्या मोहराचे परागण करावे, उतारावर बागा असाव्यात, अशी त्यांची व्यवस्था आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने तिला २०१५ साली जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले. पडीक उतारावरचे, कच्चे न खाववणारे फळ. परंतु ज्याने पिकविले त्याच्याच गावी मुरले, म्हणून मोल आले. आमचे म्हणणे असे की, मैत्रीत मागावयाचे ते हे.

आता आपल्या संत्र्याकडे पाहा. त्याचे माहेर वरुड, मोर्शी, काटोल; आमच्याही जिल्ह्यात बागा आहेत. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले. परंतु परदेशी जाणारा माल बहुतांशी एकट्या बांगलादेशावर अवलंबून राहिला. त्या देशाने २०१९ पासून आयातकर वर्षावर्षाने चढविला. किलोमागे २० टाका होता तो २०२३ पर्यंत ८८ टाक्यांवर गेला, आणि बागाईतदार हताश झाले. एकच गिऱ्हाईक, तोही ताज्या फळाचा, आणि फळ तर आठवड्यांच्या वर थांबत नाही. येथे गिऱ्हाईक रुसला की बाग बुडते. फळ टिकविण्याची विद्या घरी असती तर निदान वाट पाहण्याचे बळ आले असते. अन्नप्रक्रियेचा करार केवळ कागदावर न राहता बागेपर्यंत आला पाहिजे असे आम्ही म्हणतो, ते यासाठी.

आणखी एक उदाहरण आंब्याचे. फळमाशीच्या भयाने जपानने १९८६ साली आपला आंबा बंद केला. तो पुन्हा सुरू झाला २००६ साली, म्हणजे वीस वर्षांनी. मधल्या काळात दोन्ही देशांची मैत्री तुटली होती काय? मुळीच नाही. मैत्री होती, मेजवान्या होत्या, भाषणे होती. दार उघडले ते फळास उष्ण वाफेची प्रक्रिया देऊन माशीची अंडी मरतात हे त्यांच्या तपासनिसांस पटले तेव्हा. हस्तांदोलनाने दाराची कडी निघते. परंतु आत जाण्यास माल स्वच्छ लागतो.

मालाच्या स्वच्छतेचा विषय निघाला म्हणून आमचीच एक चूक येथे कबूल करतो. सेवानिवृत्तीनंतर आम्ही व गावातील काही कास्तकारांनी मिळून आपला कापूस एकत्र केला व रुई परदेशी पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्यास दिला. नमुना आम्ही निवडून दिला होता. तो पसंत पडला व भावही बाजारापेक्षा चढा ठरला. परंतु माल जिनिंगमध्ये उघडला तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे धागे, केस, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे निघाले. ठरलेल्या भावात मोठी कपात झाली. आम्ही प्रथम व्यापाऱ्यास नावे ठेविली. मग घरी येऊन विचार केला, तेव्हा आठवले की वेचणाऱ्या बायांस कापूस भरण्यासाठी युरियाची रिकामी पोती आम्हीच दिली होती. त्यांचेच धागे निघून रुईत गेले होते. चार कापडी झोळ्या शिवून दिल्या असत्या तर शेकड्यांचा खर्च होता. तो वाचविला आणि हजारो घालविले. ज्यास चतुःसीमेचा एवढा अभिमान, त्याने आपल्याच मालाची सीमा राखली नव्हती.

म्हणून आमच्या मते प्रश्नास दोन बाजू आहेत. सरकारने करारात कास्तकाराचे हित मोजून लिहावे, ही एक. आणि कास्तकाराने लिहिलेल्या प्रतीचा माल द्यावा, ही दुसरी. एकीवाचून दुसरी पांगळी आहे.

यापुढे राज्य परदेशी प्रांताशी जो करार करील, किंवा जुना नवा करील, त्यास पुढील चार सीमा असाव्यात अशी आमची सूचना आहे.

पूर्वेस, विषय. 'शेतीत सहकार्य' हे शब्द पुरेसे नाहीत. कोणते पीक, कोणती प्रक्रिया, कोणत्या जिल्ह्यात, हे नमूद असावे.

पश्चिमेस, माप. किती तरुणांस शिकविणार, किती टनांचे केंद्र उभारणार, किती गावे त्यात घेणार, हे अंकांत लिहावे. १९३४ साली परक्या सरकारास जे करता आले, ते आपल्या सरकारास अवघड नसावे.

उत्तरेस, मुदत. ज्या कागदास तारीख नाही तो दप्तरात जातो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. कित्येक कागद आम्ही स्वतःच तसे बांधून ठेविले आहेत.

दक्षिणेस, जाब. दरवर्षी काय झाले व काय राहिले याचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. जे झाले नाही ते का झाले नाही, हे सांगणारा अधिकारी नेमलेला असावा.

जर्मनीशी झालेल्या कराराविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. त्यात माल नव्हे, माणसे जावयाची आहेत. आपल्या जिल्ह्यात पावसावरची शेती करून दोन-तीन भावांचे एका वावरावर भागत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. एखाद्या मुलाने तंत्र व जर्मन भाषा शिकून परदेशी मानाने काम केले तर त्यात वाईट काही नाही. परंतु त्या शिक्षणाची सोय पुण्या-मुंबईपुरती न राहता वणी, पुसद, पांढरकवडा येथवर आली तरच तो करार आमचाही म्हणता येईल. एरवी आमच्या मुलांस त्याची फक्त जाहिरात दिसेल.

कास्तकार बंधूंनी स्वतः काय करावे, तेही सांगून लेख पुरा करतो. आपल्या मंडळाच्या पुढील सभेत एवढे तीन ठराव व्हावेत. वेचणीसाठी कापडी झोळ्यांखेरीज दुसरे काही वापरू नये. पहिल्या वेचणीचा कापूस व कवडी निराळी ठेवावी. आणि गावागावांतील संत्रा-बागाईतदारांची यादी करून प्रक्रियेच्या शिक्षणासाठी आपल्या जिल्ह्याचे नाव घातले जावे, असा अर्ज सहीनिशी सरकारकडे पाठवावा. अर्जाचा मसुदा आम्ही विनामूल्य लिहून देऊ. त्या विद्येत तरी आमचा हात बसलेला आहे.

त्या वृद्ध कास्तकारास आमचे उत्तर असे. दादा, नुसत्या दोस्तीने कापसास भाव मिळणार नाही. दोस्तीच्या कागदावर आपल्या मालाचे नाव, वजन व मुदत लिहिली गेली, आणि आपल्या झोळीतून निघालेला माल त्या कागदाप्रमाणे उतरला, तर मिळण्याचा संभव आहे. कागद लिहवून घेणे हे तुमचे-आमचे सर्वांचे काम आहे. आणि झोळी तर ज्याची त्याच्याच घरी शिवावयाची आहे.